गोऱ्याची सतार, गिरणीचा भोंगा

गोंदियाच्या बाजारातल्या त्या वाद्यांच्या दुकानातून पहिल्याच दिवशी मी रिकाम्या हाताने परत आले होते. मी तेव्हा तेवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत नवी लागलेली मास्तरीण. प्रार्थनेसाठी पेटी घ्यायची म्हणून शाळेच्या कमिटीने मला पाठवलं होतं. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे तांदळाच्या गिरणीचे मालक. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की पेटी स्वस्त असावी, पण चकचकीत असावी. मी चिठ्ठी पुढे केली. मांडीवर पेटीचा भाता घेऊन त्याला कातडं चिकटवत बसलेल्या त्या माणसाने वर न बघता विचारलं, “कोन वाजवते?”

“शाळेसाठी हवी आहे.”

“शाळेले हात कुठं असतात?”

मी म्हटलं, आमच्याकडे अजून कोणाला वाजवता येत नाही, पण पेटी आली की बघू. तेव्हा त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात परत ठेवली. “मंग पेटी कायले पाहिजे, बाई? लोखंडी संदूक घ्या. सस्ती पडते, कुलूपबी लागते.”

आठ दिवस मी रागाने धुमसत होते. रोज मनातल्या मनात त्यांना एकेक चांगलं उत्तर देत होते आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तो माणूसच बरोबर निघत होता. नवव्या दिवशी मी परत गेले आणि म्हटलं, मी शिकते, मग द्याल का? त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. डोळे मिटून म्हणाले, “पुन्हा बोल काही.” मी वैतागून म्हटलं, काय बोलू, दुकानात आलेल्या माणसाशी असं बोलतात का? ते खूश झाले. “कारी चार,” म्हणाले. “बस.”

काळी चार हे त्या दिवसापासून माझं नाव. आमच्या झाडीपट्टीत ळ चा र होतो, म्हणून कारी चार. माणूस ज्या पट्टीत बोलतो ती पेटीवरची पट्टी हेच त्यांच्या लेखी त्याचं नाव, आईबापांनी ठेवलेलं त्यांनी कधी लक्षात ठेवलं नाही. शेजारचा चपला शिवणारा पांढरी दोन होता. समोरच्या ओसरीवर विड्या वळणाऱ्या बायकांत दोन काळी पाच आणि एक पांढरी तीन होती, आणि त्या तिघींना त्याचं भारी कौतुक होतं. स्वतःला ते काळी एक समजत. गिरणीवाल्या शेठजींना मात्र त्यांनी नाव दिलं नव्हतं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “त्याले पट्टीच नाही. साहेब समोर असला की चढते, हमाल असला की उतरते.”

शाळेची पेटी मी त्यांच्याकडेच शिकले आणि हात बसल्यावर त्यांनी ती दिली. मी त्यांना मास्तर म्हणायची. सगळेच म्हणायचे, कारण तरुणपणी ते एका नाटक मंडळीत पेटीमास्तर होते. ती नोकरी त्यांनी कशी सोडली हे बाजारात सगळ्यांना पाठ होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. नाचगाण्याच्या दंडारी होतात, नाटकं होतात, उजाडेपर्यंत माणसं उठत नाहीत. अशाच एका मंडईत राजाचं सोंग घेतलेला पाटलाचा मुलगा गाताना घसरला. मास्तरांनी एकदा सूर दाखवला, दुसऱ्यांदा दाखवला, तिसऱ्यांदा पेटीचा भाता बंद करून खटका लावला आणि पेटी डोक्यावर घेऊन मंडपाच्या मधूनच घरी निघून गेले. पाटील मागे धावत आला. मुलाचं वय लहान आहे, सांभाळून घ्या म्हणाला. मास्तर म्हणाले, मुलाला मी सांभाळतो हो, पण हजार माणसं ऐकून राहिली आहेत, त्यांना कोण सांभाळेल?

दुकानावर पाटी नव्हती. कोणी म्हटलं की पाटी लावा, तर म्हणत, ज्याला कान आहेत त्याला दुकान सापडतं, आणि ज्याला नाहीत त्याचं इथे काही काम नाही. आत भिंतीला ढोलक्या, तबले, दोन सतारी, टाळांच्या माळा आणि तबल्यांच्या तोंडावरच्या कातड्याच्या फुटलेल्या पुड्या. फुटलेली पुडी ते टाकत नसत. तिच्यावर कोणाच्या हाताने किती वर्षं वाजवलं ते बोटांच्या खुणांवरून सांगत. दुकानाचा नियम एकच होता. आधी वाजवायचं, मग भाव ऐकायचा. न वाजवता भाव विचारला की ते बहिरे होत. “सगळ्यात महागाची दाखवा” म्हणणाऱ्याच्या हातात टाळ ठेवत आणि इथून सुरुवात करा म्हणत. रागावून गेलेल्यांपैकी निम्मे परत येत. उरलेले नागपूरहून पेटी मागवत आणि वर्षभराने तीच पेटी दुरुस्तीला घेऊन त्यांच्याचकडे येत. मग ते पेटीशी बोलत, मालकाशी नाही.

आणि भोंगा. शेठजींच्या गिरणीचा भोंगा दिवसातून तीनदा वाजायचा. अख्खं गाव त्यावर जेवायचं, झोपायचं, गाड्या पकडायचं. मास्तर मात्र भोंगा सुरू झाला की हातातलं काम खाली ठेवून दोन्ही कानांवर तळवे दाबून बसत. माझा समज होता की आवाज मोठा म्हणून. तसं नव्हतं. भोंगा काळी एकच्या जरासा खाली आणि पांढरी एकच्या जरासा वर वाजायचा, ना इकडचा ना तिकडचा, आणि दिवसातून तीनदा अख्ख्या गावाचा कान नासवायचा. ते एकदा गिरणीत जाऊन शेठजींना सांगून आले होते की भोंग्याची पितळी टोपी दोन आटे खाली फिरवली की सूर चढून जागेवर येईल, मी स्वतः फिरवून देतो, काही घेणार नाही. शेठजींनी त्यांना चहा पाजला आणि पुढे वर्षभर तो विनोद सगळ्यांना सांगितला.

आता गिटारीचं सांगते. सांगायचं तेच आहे.

शाळेतून घरी येताना माझ्या वाटेवर रेल्वेचे बंगले होते. त्यांतल्या एका गोऱ्या गार्डाची बायको संध्याकाळी ओसरीत वेताच्या खुर्चीवर बसून गिटार वाजवायची. मला तेव्हा त्या वाद्याचं नावही माहीत नव्हतं. बाजारात तिला गोऱ्याची सतार म्हणत. मी चिंचेच्या झाडाआड थांबून चपलेतला खडा झटकल्याचं सोंग करायची. मी झटकले तेवढे खडे गोंदियाच्या सगळ्या रस्त्यांवर मिळून नसतील. ती बाई काही फार चांगलं वाजवत नसावी, आता कळतं. पण ती ते वाद्य पोटाशी धरायची, आणि वाजवून झालं की लगेच बाजूला न ठेवता थोडा वेळ तसंच धरून बसायची. मला ते हवं होतं. इतकं सरळ हवंसं मला तोवर काही वाटलं नव्हतं, लग्नसुद्धा नाही, आणि त्याबद्दल मी घरी स्पष्ट सांगितलं होतं म्हणूनच गावाकडचं घर सोडून मी गोंदियात आत्याकडे राहत होते.

गार्डाची बदली झाली. सामान गाडीत चढवताना गिटारीची मान मोडली आणि जाता जाता तो ती मास्तरांना विकून गेला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर खुंटीला तिचं नुसतं पोट लटकत होतं. माझा चेहरा मास्तरांनी पाहिला असावा. पुढे तीन महिने ते हाताला लागेल तेव्हा तिच्यावर काम करत होते. आमच्या जंगलातल्या बिजाच्या झाडाच्या लाकडाची नवी दांडी केली. गिटार वाजताना त्यांनी जन्मात पाहिली नव्हती आणि मी पाहिली होती ती झाडाआडून. ते मला विचारत, मी आठवेल तसं सांगे. तारा सहा. पोटाशी धरायची. बाकीचं त्यांनी कानाने केलं. पडदे सतारीसारखे दोऱ्याने बांधले आणि पेटीच्या सुरांशी जुळवून एकेक सरकवून बसवले. तारा सतारीच्या घातल्या. तारा टेकतात त्या घोडीवर तारांखाली रेशमाचा धागा सरकवला, तंबोऱ्याला सूर घुमावा म्हणून, जवारीसाठी, घालतात तसा. मग तारा षड्ज-पंचमात लावल्या आणि छेडल्या. गार्डाच्या मडमेच्या हातात ती टणटण वाजायची, आता घुमली. समोरच्या विडीवाल्या बायकांचे हात थांबले.

मी भाव विचारला. ते बहिरे झाले.

“मला येत नाही वाजवता,” मी म्हटलं.

“मलेबी येत नाही. शिक.”

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिथे जायची. पहिल्या दिवशी मी गिटार घेऊन आतल्या अंधाऱ्या खोलीकडे वळले, तर त्यांनी दारात पाय आडवा घातला. मी म्हटलं, इथे समोर बसले तर सगळा बाजार बघेल. “चोरी करून राहिली का?” ते म्हणाले आणि त्यांनी दुकानाच्या ओट्यावर चटई टाकली. मी बसले. पहिले चार शनिवार माझे कान गरम असायचे. पोवारांच्या घरची मुलगी, शाळेतली मास्तरीण, भर बाजारात मांडी घालून गोऱ्याची सतार छातीशी धरून बसते. येणारे जाणारे थांबत, हसत, एखादा शिट्टी मारी. मास्तर शिट्टीवाल्याला हाक मारून सांगत की शिट्टी फाटून राहिली आहे, ओठ ओले कर. पाचव्या शनिवारनंतर कोणी शिट्टी मारली नाही.

काय वाजवायचं हा प्रश्नच होता. इंग्रजी गाणी मला येत नव्हती, शास्त्रोक्त त्यांनाच अर्धमुर्धं येत होतं. शेवटी मी आमच्या बांधीतलं रोवण्याचं गाणं बसवलं. चिखलात ओणवून भाताची रोपं लावताना बायका म्हणतात ते, एकीने उचलायचं आणि बाकीच्यांनी मागे ओढायचं. आई ते म्हणायची. सहा आठवड्यांनी ते बोटात आलं, तेव्हा समोरच्या ओसरीवरून पांढरी तीनने दुसरी ओळ उचलली, पान कापता कापता, मान वर न करता. त्या दिवशी मी घरी तरंगतच गेले.

घरी आत्या वाट बघत होती. तिच्या कानावर सगळं आलंच होतं. आत्याचं बोलणं म्हणजे कुऱ्हाड. तिने विचारलं, “काऊन वं, उद्या ढोलकी घेऊन नाचशील का?” मी म्हटलं, नाचायला येत नाही, आलं तर नाचेन. तिने ताट माझ्यासमोर आपटलं. पण जेवण वाढलं, आणि तेही नेहमीपेक्षा जास्त. मी मनात ठरवून टाकलं की ही फार रागावलेली नाही.

शेठजींचं म्हणणं निराळं होतं. मला शाळेतून काढावं असं काही त्यांच्या मनात नव्हतं, शिकवणाऱ्या बायका मिळत कुठे होत्या? त्यांनी एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरवले. तांदूळ लादायला मालगाडीच्या वाघिणी हव्यात म्हणून रेल्वेचे साहेब त्यांच्या बैठकीत येत. साहेबांना दिसेल असं काहीतरी भिंतीवर हवंच होतं. गिटार विकत घेतली की भिंतही सजते आणि मास्तरीणही घरी बसते. एका शनिवारी ते स्वतः दुकानाच्या पायरीशी आले. मी गिटार मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मास्टर, इसका दाम बोलो.”

“वाजवा. मंग सांगतो.”

“बजाना किसको है? बैठक में टाँगना है.”

“टांगाले खुंटी लागते, शेटजी. ते सुताराकडं भेटते.”

शेठजी चिडले नाहीत. व्यापारी माणूस, त्यांनी सौदा मांडला. ही बाई तरी काय वाजवते, म्हणाले, कोणाला कळतं? रेल्वे बंगल्यांत एक म्हातारी मडम आहे, जन्मभर गिटार वाजवलेली. तिला आणतो. तिने बरोबर म्हटलं तर ही बाई घेऊ दे, शाळाही काही बोलणार नाही. चूक म्हटलं तर गिटार माझी आणि हा बाजारातला तमाशा बंद. मी गिटार घट्ट धरली. मी मास्तरांकडे पाहिलं. ते दुरुस्तीला आलेल्या तंबोऱ्याचा धागा ओढून जवारी बघत होते. “आना,” म्हणाले.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. फळ्यावर बेरीज लिहिताना बोटं खडूवर पडदे शोधायची. मास्तरांना मी विनवलं की हा सौदा मोडा, त्या बाईने शिकून वाजवलं आहे, मी झाडाआडून. ते म्हणाले, भीती वाटत असेल तर वाजवायच्या आधी जेवून ये, रिकाम्या पोटी हात कापतो. एवढंच.

शनिवारी मडम आली. पांढरे केस, फुलाफुलांचा झगा, हातात छत्री. तिच्यासाठी शेठजींनी खुर्ची आणवली होती. कमिटीचे दोघे उभे होते, अर्धा बाजार उभा होता आणि गर्दीच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली माझी आत्या उभी होती. मी वाजवलं. मध्ये एकदा बोट घसरलं, सावरलं. पांढरी तीनने गायलं नाही त्या दिवशी. परीक्षा माझी होती.

मी थांबले तशी मडम उठली. तिने गिटार हातात घेतली, उलटी केली, दांडी पाहिली, दोऱ्याने बांधलेले पडदे बोटाने दाबले, घोडीवरच्या धाग्यापाशी आली आणि तिला हसू आवरेना. हिंदीत म्हणाली की ही तार इथे नसते, ही दांडी अशी नसते, हा लावण्याचा प्रकारच नाही, आणि असं तर हिला कोणी धरतही नाही. “सब गलत है.”

शेठजींनी हात पुढे केला. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी मान खाली घातली. तेव्हा मास्तर पहिल्यांदा तिच्याशी बोलले. “मडम, गलत है, का बेसूर है?”

ती थांबली. तिने पुन्हा तारा छेडल्या, एकेक करून, आणि प्रत्येक तार विझेपर्यंत ऐकली. आता ती हसत नव्हती. “बेसुर नहीं है,” ती म्हणाली. “गलत है. बेसुर बिलकुल नहीं है.”

“मंग झालं,” म्हणून मास्तरांनी तिच्या हातातून गिटार घेतली, माझ्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांदेखत मला भाव सांगितला.

खरं सांगायचं तर शब्दाला शब्द धरला असता तर सौदा शेठजींनी जिंकला होता. मास्तरांनी तो मोडला, सरळ मोडला, आणि त्यांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. भावही त्यांनी पुरता लावला. पोस्टात साठवलं होतं तेवढं सगळं जाणार होतं. मी हळूच म्हटलं, थोडं कमी होईल का? “सूट लेकराले देतात,” ते म्हणाले. “ज्याले येते त्याच्याकडून पुरा भाव.” माझ्या पदवीच्या वेळी, नोकरीच्या वेळी, पुढे कधीही मला कोणी इतका मान दिला नाही.

शेठजी पायरीवरून उतरताना म्हणाले की हा गाळा माझा आहे हे बहुतेक मास्टर विसरले. दिवाळीच्या आत रिकामा करा. दिवाळीच्या आत म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. मंडईच्या आधी गावोगावच्या दंडारी आपल्या ढोलक्या मढवायला, पेट्या सुरात आणायला तिथेच येत, आणि त्या महिनाभराच्या कामावर दुकान वर्षभर चाले. मी त्यांना म्हटलं, गिटार परत घ्या, शेठजींना द्या, दुकान राहू द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

वसुबारसेच्या दिवशी त्यांनी सामान बैलगाडीत भरलं. त्याच दिवशी दंडारींची माणसं आपापली वाद्यं न्यायला आली होती, कोणी छोट्या रुळांच्या आगगाडीने, कोणी बैलगाडीने. सगळी गल्ली पेट्या आणि ढोलक्यांनी भरली. मीही गेले होते, गिटार घेऊन. तोवर कमिटीचं पत्र मला मिळालं होतं की पुन्हा बाजारात वाजवलं तर शाळेत येऊ नये. आत्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “जेवून जा.”

बारा वाजायला आले तसे मास्तर ओट्यावर उभे राहिले. मोठ्याने बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी एवढंच सांगितलं की सगळ्यांनी काळी एक धरा आणि मी म्हणेपर्यंत सोडू नका. मग ते गिरणीच्या धुराड्याकडे बघत उभे राहिले. मी मधली तार काळी एकला लावून घेतली होती. माझे हात कापत नव्हते. मी जेवून आले होते.

भोंगा झाला. “धरा,” मास्तर हात वर करून म्हणाले.

विसेक पेट्यांनी काळी एक धरली. ढोलक्यांनी धरली. मी तार छेडत राहिले. वरून भोंगा आणि खालून आम्ही, आणि दोन्हींच्या मधलं ते केसभर अंतर अख्ख्या बाजाराला एकदम ऐकू आलं. सूर एकमेकांना घासायला लागले, हवा थरथरायला लागली, दात शिवशिवले. केळीवालीने कानावर हात ठेवले. चपला शिवणारा पांढरी दोन हातोडी धरून आ वासून उभा राहिला. जेवायला बाहेर पडलेले गिरणीतले हमाल थबकले आणि मान वळवून भोंग्याकडे बघू लागले. जन्मभर ज्याच्यावर घड्याळ लावलं तो भोंगा उतरलेला आहे हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. कोणाला सांगावं लागलं नाही. मास्तरांनी त्या दिवशी कानांवर हात ठेवले नव्हते.

मग भोंगा संपला. आमचा सूर मागे राहिला, एकटा, सरळ. मास्तरांनी तो चांगला ऐकून घेतला. मग हात खाली केला, गाडीत चढले आणि बैल हाकले. निरोप वगैरे काही नाही.

संध्याकाळी मला शाळेतून काढल्याचा निरोप आला. मी रडले. खोटं कशाला सांगू, पोटभर रडले. आणि डोळे पुसून आत्याला रोवण्याचं गाणं वाजवून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली की तिसरी ओळ तुझी आई अशी नव्हती म्हणत.

पुढे मला नवेगाव बांधाजवळच्या एका गावात शाळा मिळाली. मासे धरणाऱ्या ढिवरांची आणि शेतकऱ्यांची मुलं, तळ्याच्या काठावर छपरी. शनिवारी दुपारी मी छपरीतच वाजवायची आणि कोणाची हरकत नव्हती. मास्तरांचं दुकान आता बैलगाडीवर होतं. मंडईच्या दिवसांत ते गावोगाव फिरत, बाकीच्या दिवसांत कोणाच्या तरी गोठ्यात बसून दुरुस्ती करत. गोंदियात मात्र त्यांनी पाय ठेवला नाही. तारा आणि कातडं आणायला ते आडवाटेने तुमसरला जात, दोन दिवस जास्त मोडून. कोणी कारण विचारलं तर सांगत, जिथं दिवसातून तीनदा खोटं बोलतात तिथं कोण जाईल?

तिसऱ्या वर्षी दिवाळीला मी आत्याकडे गोंदियात गेले होते. बारा वाजता भोंगा झाला आणि माझा हात पाण्याच्या तांब्यावर तसाच राहिला. आत्या म्हणाली की मागच्या उन्हाळ्यातच बदलला. त्या वसुबारसेनंतर लोक भोंगा झाला की हसायचे म्हणे, हमाल मुद्दाम बेसूर ओढून वाकुल्या दाखवायचे, आणि विड्या वळणाऱ्या बायका भोंग्याबरोबर काळी एक धरून बसायच्या. शेवटी शेठजींनी गिरणीच्या फिटरला वर चढवलं. मी संध्याकाळच्या भोंग्याला गिटार घेऊन अंगणात बसले आणि तार लावून पाहिली.

आठवड्याने आमच्या गावची मंडई होती. मास्तरांची गाडी तळ्याच्या काठच्या पाळीवर उभी होती आणि ते चाकाला टेकून ढोलकीची दोरी आवळत होते. थकले होते. मी शेजारी बसले आणि म्हटलं, मास्तर, भोंगा बदलला.

दोरी आवळणारा हात थांबला. “कोन्या पट्टीत?”

“काळी एक.”

“कोनं सांगतलं?”

“मी तार लावून पाहिली.”

त्यांनी ढोलकीवर एक थाप मारली, ऐकली, पुन्हा दोरी ओढली.

“किती आटे फिरवले?”

“फिटर म्हणत होता, दोन.”

त्यांनी ढोलकी बाजूला ठेवली, धोतराला हात पुसले आणि रात्रीच्या दंडारीची वाट न बघता उठून बैलांकडे गेले. “मंग आता गोंद्याले जाता येते,” ते म्हणाले.